एकोणचाळीस नंबर आत आहे

ठेव तो फोन खाली. फोटो बघितले मी सगळे. उघड्या विटा, लोखंडी खांब, छताला लोंबणारे दिवे. छान आहे. उद्या सकाळी करारावर सही करायची म्हणताय, करा. जुन्या इमारतीत ऑफिस थाटायची हौस आहे, तीही भागवा. मामाला कोण विचारतंय. पण भाचीबाई, मला एवढंच सांग, त्या जागेला तळघर आहे ना? त्याचं दार आतून उघडतं का?

बघितलं नाहीस. आणि तुम्ही, जावईबापू? तुम्हीही नाही. भिंतीला रंग कुठला द्यायचा यावरून दोघं आठवडाभर भांडलात, आणि दाराला हात लावून बघायला कुणाला सवड झाली नाही. डोकं फिरतं माझं अशा वेळी. बसा आता. जायची घाई करू नका. तो मोठा दिवा बंद कर, डोळ्यांवर येतोय. हा एक पुरे.

हे सांगतोय ते कुणाच्या मेहुण्याच्या मित्राचं नाही. माझ्या रोजच्या ओळखीतला माणूस. जागा दाखवणारा दलाल. जागा कसलीही असो, गळकी, पडकी, उंदरांनी पोखरलेली, हा म्हणणार, "एकदम चकाचक." म्हणून आम्ही सगळे त्याला चकाचकच म्हणायचो. मनाने वाईट नव्हता. फक्त कुणाला तोंडावर नाही म्हणणं त्याला जन्मात जमलं नाही.

गेल्याच्या गेल्या वर्षी, नोव्हेंबरातला तिसरा गुरुवार. रात्रीचे पावणेदहा. चकाचक एका साध्या कामाला निघाला होता. जुन्या बाजारपेठेत टोप्यांच्या कारखान्याची चार मजली इमारत आहे, तिच्या तळघराचे दोन फोटो काढायचे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला करार होता आणि फाइलीत तेवढे दोन फोटो कमी पडत होते. घरी बायकोला म्हणाला, अर्ध्या तासात आलो, दाराला कडी लावू नकोस.

त्या कारखान्यात माझी आत्या होती. टोप्यांना आतून अस्तर शिवायची. तिथली एक पद्धत ती नेहमी सांगायची. आत शिरलं की डाव्या हाताला एक मोठी फळी. फळीचे दोन भाग, डावीकडे 'बाहेर', उजवीकडे 'आत'. साठ कामगारांचे साठ पितळी बिल्ले, प्रत्येकावर नंबर. कामावर आलं की आपला बिल्ला डावीकडून काढायचा आणि उजवीकडच्या खिळ्याला अडकवायचा. घरी जाताना उलट. दारावर एक म्हातारा पहारेकरी असायचा. उजवीकडचे सगळे खिळे रिकामे झाल्याशिवाय तो इमारतीला कुलूप घालायचा नाही. मालक उभा असला तरी नाही.

आत्याचा बिल्ला चाळीस नंबरचा. शेजारच्या मशीनवरची बाई एकोणचाळीस.

एका संध्याकाळी तीन दिवसांची सुट्टी लागायची होती. सगळ्यांना घरी पळायची घाई. एकोणचाळीस नंबरची बाई तळघरातल्या सुकवणीच्या खोलीत शेवटच्या टोप्या आणायला उतरली होती. ओल्या टोप्या वाफेच्या पाइपांवर टांगून वाळवायची ती खोली. दार जाड लाकडाचं, वरून पत्रा मारलेला, आणि खिट्टी फक्त बाहेरून. दार लोटलं की आपोआप बसणारी. कुणीतरी जाता जाता लोटलं. आत डोकावण्याचेही कष्ट घेतले नाहीत.

आत्याने आपला बिल्ला बाहेर टांगला तेव्हा एकोणचाळीस आत होता. तिने डोळ्यांनी बघितलं. म्हाताऱ्यानेही बघितलं. तो मालकाला म्हणाला, "साहेब, एक बिल्ला आत आहे." मालकाची गाडी दारात उभी, गाडीत बायको-पोरं खोळंबलेली. मालक म्हणाला, "विसरली असेल टांगायला. लाव कुलूप." म्हातारा हलला नाही. परत म्हणाला, "बिल्ला आत आहे, साहेब." मालकाने त्याच्या हातातून किल्ल्या घेतल्या आणि स्वतः कुलूप घातलं.

चौथ्या दिवशी सकाळी कारखाना उघडला. ती दाराशीच सापडली.

आणि आता ऐका. आत्या आत शिरली, तेव्हा फळीवर एकोणचाळीस नंबर बाहेर टांगलेला होता. मालकाने सगळ्यांच्या आधी येऊन स्वतःच्या हाताने तो हलवला होता. म्हणजे कागदोपत्री बाई घरी गेली होती, आणि मग चोरी करायला मागच्या मागे परत शिरली होती. मेलेल्या बाईला चोर ठरवलं त्या माणसाने. म्हाताऱ्यावर ठपका ठेवून त्याला हाकललं, तो वर्षभरात गेला. साठातल्या एकोणसाठ जणांनी तोंडात गुळणी धरली. माझी आत्याही त्यात. चार पोरं होती तिला, मी समजू शकतो. पण मरेपर्यंत ती ही गोष्ट सांगायची आणि सांगून झाली की भिंतीकडे तोंड करून झोपायची.

पुढे कारखाना बंद पडला. वर्षानुवर्षं कबुतरं नांदली तिथे. मग त्या मालकाचा नातू परदेशातून शिकून आला. धाकटे मालक. त्याने इमारत घासूनपुसून काढली, काचेच्या खोल्या केल्या आणि चित्रं काढणाऱ्या, जाहिराती करणाऱ्या, कपड्यांचे नमुने आखणाऱ्या मंडळींना मजल्यामजल्याने भाड्याने द्यायला काढली. सगळं सुतारकाम माझ्याकडे. पैसे चोख दिले, खोटं कशाला बोलू.

बिल्ल्यांची फळी त्याने शोभेला ठेवली. सजावट करणारा पोरगा म्हणाला, "मिस्त्री, सगळे बिल्ले उजवीकडे लावा, तिकडे दिव्याचा उजेड चांगला पडतो." मी म्हटलं, बाबा रे, उजवीकडे म्हणजे आत. साठ माणसं आत आहेत असा अर्थ होतो त्याचा. तो हसला. "मिस्त्री, वाचतंय कोण." मी टांगले. साठच्या साठ, उजवीकडे. माझ्या या हातांनी.

आणि ती सुकवणीची खोली. भिंती जाड, खिडकी नाही, बाहेरचा आवाज येत नाही. धाकटे मालक म्हणाले, ध्वनिमुद्रणाला याच्यापेक्षा चांगली खोली शोधून सापडायची नाही. दार मात्र तेच. मी म्हटलं, "साहेब, आतून हँडल बसवतो. दोन तासांचं काम आहे." तर म्हणाले, "त्या दाराला भोक पाडायचं नाही. लोक भाडं देतात ते याच दारासाठी." त्यांना सगळं ठाऊक होतं, बरं का. घरात बोललं गेलंच असणार. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या, पण बोललो काहीच नाही. लाकडाची एक पाचर तासून दिली, दार उघडं राहावं म्हणून. एवढीच माझी मर्दुमकी.

खोली घ्यायला आली एक बाई. लहान मुलांसाठी गोष्टी ध्वनिमुद्रित करायची. हाताखाली अकरा माणसं, बहुतेक तुमच्याच वयाची. तिने चकाचकला सरळ विचारलं, "दार मागे लागलं तर आतला माणूस बाहेर कसा येणार?" हा म्हणाला, "दोन्ही बाजूंनी उघडतं, ताई. तसं लिहूनच देतो." करारासोबत पाहणीचा एक कागद होता. त्यावर ओळ छापलेली, 'तळघरातील दार दोन्ही बाजूंनी उघडते, तपासले.' खाली याची सही व्हायची होती. सकाळी दहाला. त्या सहीवर विसंबून ती बाई अकरा पोरं त्या खोलीत बसवणार होती.

तर चकाचक दहाच्या सुमारास तिथे पोचला. इमारतीत चिटपाखरू नाही. त्या इमारतीतले दिवे आपोआप लागतात. माणूस आला, हलला, की लागतात. थोडा वेळ हालचाल नाही झाली की विझतात. तो जिना उतरत गेला तसे पुढचे दिवे लागत गेले, मागचे विझत गेले. शीळ घालत होता म्हणाला.

खोलीचा एक फोटो बाहेरून काढला. दुसरा आतून, दारासकट. कॅमेऱ्यात बघतो तर दाराखाली माझी पाचर. फोटोत पाचर दिसली तर बाई विचारणार, हे कशाला? म्हणून याने पाचर पायाने सरकवली. दोन पावलं मागे गेला. फोटो काढला.

दार लागलं.

आधी तो हसला. मग ढकलून बघितलं. मग खांद्याने धडका दिल्या. फोन लावला, त्या भिंतींतून फोन कसला लागतोय, लावता लावता बॅटरी मात्र संपली. ओरडला. बसला. विचार केला, सकाळी दहाला सगळे येणारच आहेत, बारा तासांचा तर प्रश्न. बसून राहिला… आणि दिवा विझला.

हात हलवला, लागला. बसला, विझला. हलवला, लागला.

असं किती वेळ चाललं त्यालाही ठाऊक नाही. हात भरून आले. एकदा विझला तो त्याने विझूच दिला. आणि अंधारात त्याला आवाज आला.

त्या खोलीत वाफेचा एक जुना पाइप आहे. शोभेला ठेवलेला. त्याचं दुसरं तोंड वर निघतं, दरवाज्याजवळ, फळीच्या बाजूला. त्या पाइपातून आवाज येत होता. पितळेवर पितळ वाजल्याचा.

टिण्.

मग पावलं. लांबवर जाणारी. मजल्यामजल्यावर फिरून येणारी. बराच वेळ काही नाही. मग परत…

टिण्.

आणि एक म्हातारा आवाज. "सात नंबर… बाहेर."

चकाचकला वाटलं रखवालदार असेल. पाइपाला तोंड लावून ओरडला, मी खाली आहे, दार उघडा. आवाज थांबला नाही. "आठ नंबर… बाहेर." कुणीतरी एकेका माणसाला शोधत होतं. सापडत नव्हतं. मग त्याचा बिल्ला बाहेर टांगत होतं.

बत्तीस. तेहेतीस. इमारतीला रात्रीचा रखवालदार नाही, हे त्याला आत्ता आठवलं. त्यानेच भाडेकरूंना सांगितलं होतं, सगळं यंत्रावर चालतं म्हणून.

अडतीस नंबर… बाहेर.

मग काही नाही.

चाळीस नंबर… बाहेर.

एक्केचाळीस. बेचाळीस. भराभर आता. एक नंबर मधला गळला होता. हा सरळ होऊन बसला. दिवा लागायला हवा होता. लागला नाही. हात हलवला. उभा राहिला. अंधार.

साठ नंबर… बाहेर.

किल्ल्यांचा जुडगा वाजला.

मग मात्र त्याची पाचावर धारण बसली. पाइपाला तोंड लावून तो रडायलाच लागला. "मी आत आहे. मला बाहेर काढा. मी आत आहे हो…"

वरून आवाज आला. अगदी पाइपाजवळून. शांत.

"बिल्ला?"

"बिल्ला नाही माझ्याकडे."

वर किल्ली फिरल्याचा आवाज. अर्धी.

आणि खोलीत, त्याच्या शेजारी… कुणीतरी श्वास घेतला.

तो हलला नाही. त्याचा उजवा हात कुणीतरी हातात घेतला. छोटा हात. शिवणकाम करणाऱ्या बाईचं बोट कसं टोचून टोचून खरखरीत होतं, तसा. त्याची मूठ उघडली. तळव्यावर काहीतरी ठेवलं. मूठ परत मिटली.

गोल. पातळ. गरम.

वरून परत. "बिल्ला?"

याने अंधारात अंगठ्याने आकडा चाचपला.

"एकोणचाळीस," म्हणाला. "एकोणचाळीस आत आहे."

…

खिट्टी सरकली. दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. चकाचक जिना कसा चढला, त्याचं त्याला आठवत नाही. वर फळीचा उजवा भाग रिकामा. डावीकडे एकोणसाठ बिल्ले, हलत होते अजून.

रात्री दीड वाजता माझं दार वाजलं. हा उभा. तोंडाला फेस, मुठीत बिल्ला. सगळं सांगितलं, आता मी सांगितलं तसंच. मी पाणी दिलं. तो प्याला, जरा शांत झाला. आणि मग काय म्हणाला माहितीये? म्हणाला, "मिस्त्री, सकाळी सही तेवढी करून टाकतो. भाडं सुरू झालं की हँडलचं बघू. आता मोडता घातला तर धाकटे मालक मला उभं करणार नाहीत."

मी आयुष्यात कुणावर हात उचलला नाही. त्या रात्री उचलणार होतो. म्हटलं, "हरामखोरा, जिच्या बिल्ल्यावर तू बाहेर आलास, ती आत आहे. एका मालकाने तिचा बिल्ला हलवला, आता तू खिशात घालून आलास. तुझ्यात आणि त्याच्यात फरक काय?" आणि बोलता बोलता मला माझंच तोंड दिसायला लागलं. पाचर तासून देणारा मीच. साठ बिल्ले आत टांगणारा मीच. त्याला कुठल्या तोंडाने बोलणार?

बिल्ला घेतला त्याच्याकडून. दुकानातून कोरं पितळी हँडल काढलं, कागदात गुंडाळलेलं. ड्रिल घेतलं. किल्ल्या त्याच्याकडे होत्याच. तो रस्त्यावर थांबला, मी आत गेलो.

आधी फळीपाशी. एकोणचाळीस नंबर उजवीकडे टांगला. आत. खरं होतं ते तिथे कुणीतरी एकदा लिहायला हवं होतं.

मग तळघरात. अवजारांची पेटी दारात आडवी घातली आणि भोक पाडलं त्या दाराला. मला काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. खोटं सांगणार नाही तुम्हाला. फक्त काम चाललं होतं तोवर दिवा एकदाही विझला नाही. मी तर एका जागी बसलो होतो. साडेचारला हँडल बसलं. आतून दाबून बघितलं, खिट्टी लोण्यासारखी सरकली. मग दार लोटून घेतलं आणि रिकाम्या खोलीला म्हटलं, "बाई, आता उघडतं." आणि घरी आलो.

दहाला सगळे जमले. मीही गेलो. गोष्टीवाल्या बाईला सगळ्यांदेखत सांगितलं, हे दार काल रात्रीपर्यंत आतून उघडत नव्हतं, या खोलीत एक बाई मेलेली आहे, आणि हा माणूस आत्ता तुम्हाला खोटी सही देणार होता. चकाचकने पेन खाली ठेवलं. तेवढं केलं त्याने, त्याचं श्रेय त्याला.

धाकटे मालक लालबुंद. "दाराला भोक पाडलंत? कुणाच्या परवानगीने?" तरातरा खाली उतरले, आम्ही सगळे मागोमाग. आत जाऊन त्यांनी हँडल बघितलं. आणि हसले. म्हणाले, "मिस्त्री, म्हातारपणी खोटं बोलायला लागलात? काल रात्री बसवलं म्हणता हे? हे तर झिजून गेलंय. पन्नास वर्षं वापरलेलं आहे हे."

मी वाकून बघितलं. स्क्रू नवे. खाली ड्रिलचा भुसा पडलेला, ताजा. आणि हँडल…

गोष्टीवाल्या बाईने सही केली नाही. म्हणाली, "आधी हे दार काढा. मग बोलू." शेवटी काढावं लागलं त्यांना. दारच नको झालं तेव्हा हँडल मी उतरवून आणलं. ती बाई आहे अजून तिथे, अकरा पोरांसकट. खोलीला जाड पडदा आहे फक्त. चकाचकने धंदा सोडला.

बिल्ल्याचं विचारू नका. सकाळी सगळे तळघरातून वर आलो तेव्हा तो डावीकडे होता, बाहेर, चाळीसच्या शेजारी. पण बिल्ला काय, सकाळी येणाऱ्या कुणीही हलवला असेल. त्याच्यावर मी भरवसा ठेवत नाही.

त्या कपाटाचा खालचा खण उघड, भाचीबाई. कापडात गुंडाळलेलं आहे ते दे इकडे. हां. हे बघा. कंपनीचा शिक्का आहे मागे, सालासकट. मीच विकत घेतलेलं. आणि हा वर खळगा पडलाय, बघितला? हँडल पकडलं की अंगठा जिथे टेकतो तिथे. साडेचार ते दहा, साडेपाच तासांत पडलेला.

तुम्ही ठेवा अंगठा, जावईबापू. नाही बसत ना? माझाही बसत नाही. चकाचकचाही बसला नव्हता.

तू ठेव गं.

…

बसला ना. उद्या सही करायच्या आधी खाली उतर, आत जा, आणि यांना बाहेरून दार लावायला सांग. आतून उघडतं का, तुझ्याच हाताने बघ.